थायलंडचा रिटायरमेंट व्हिसा: देशाबाहेर जाताना तो कसा जपायचा

पासपोर्ट उघडा आणि त्यातला थायलंडचा व्हिसा बघा. स्टिकर असेल तर बहुधा त्यावर 'वापरला' असा शिक्का मारलेला असेल आणि मुदत कधीच उलटून गेलेली असेल. तरीही तुम्ही इथे कायदेशीर राहता, कारण तुम्ही त्या व्हिसावर राहतच नाही. पुढच्या कुठल्या तरी पानावर मुदतवाढीचा शिक्का आहे आणि त्यात अमुक तारखेपर्यंत राहण्याची परवानगी दिलेली आहे. आपण सगळे ज्याला 'रिटायरमेंट व्हिसा' म्हणतो, तो म्हणजे ही एक तारीख. बाहेर जाताना जपायची ती हीच.

मला हे उशिरा कळलं. पहिल्या वर्षाची मुदतवाढ हातात पडली आणि महिन्याभरात मी मुलीकडे सिंगापूरला सहा दिवस जाऊन आलो. वर्षाचा शिक्का आहे, मग काळजी कसली, अशा थाटात. परतताना कुणी अडवलं नाही, काही विचारलं नाही. घरी येऊन बॅग उपसताना सहज पासपोर्ट चाळला, तर नव्या शिक्क्यावर दोन महिन्यांनंतरची तारीख. बँकेत ८ लाख बाथ दोन महिने मुरवून, रांगा लावून मिळवलेलं वर्ष सहा दिवसांच्या फेरीत गेलं. चूक सर्वस्वी माझी. त्यानंतर मी जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितोय.

बाहेर पाऊल टाकलं की काय होतं

थायलंडचा इमिग्रेशन कायदा १९७९ चा आहे (थाई सनानुसार २५२२). त्याचं कलम ३९ सांगतं की तात्पुरत्या परवानगीवर राहणारा परदेशी माणूस देशाबाहेर गेला की त्याची परवानगी तिथेच संपते. अपवाद एकच: जाण्याआधी परत येण्याची परवानगी घेतलेली असली पाहिजे. तिलाच री-एन्ट्री परमिट म्हणतात. ते असेल तर परत आल्यावर उरलेले दिवस तसेच पुढे चालू राहतात.

म्हणजे हे परमिट नवी मुदत देत नाही, जुनी मरू देत नाही, एवढंच. आणि परमिट नसलं तर विमानतळावर धोक्याची घंटा वाजत नाही. भारतीय पासपोर्टवर ६० दिवस व्हिसाशिवाय राहण्याची सोय जुलै २०२४ मध्ये सुरू झाली, त्यामुळे परमिटाशिवाय परतणारा माणूस पर्यटक म्हणून सुखेनैव आत येतो. प्रवेश नाकारला असता तर निदान तिथल्या तिथे कळलं तरी असतं.

आधी आपला प्रकार ओळखा

नॉन-ओ व्हिसावर (नॉन-इमिग्रंट 'ओ', पहिल्यांदा ९० दिवसांचा) येऊन, ९० दिवसांत बँकेचे कागद देऊन वर्षाची मुदतवाढ घेतलेली असेल, तर परमिट लागतंच. आपल्यातले बहुतेक जण याच गटातले. मुदतवाढ अजून व्हायची आहे आणि पहिले ९० दिवस चालू आहेत, पण व्हिसा एकाच प्रवेशाचा होता, तरी बाहेर जाण्याआधी परमिट घ्यावं लागतं.

ओ-ए व्हिसाचं, म्हणजे निवृत्तांच्या लांब मुक्कामाच्या व्हिसाचं, गणित वेगळं आहे. तो मायदेशातूनच काढून आणावा लागतो. बहुप्रवेशाचा असेल तर व्हिसाची स्वतःची मुदत असेपर्यंत परमिटाची गरज नाही, उलट प्रत्येक प्रवेशाला नव्याने एक वर्ष मिळतं. म्हणून जाणकार लोक व्हिसा संपायच्या थोडं आधी बाहेर जाऊन येतात आणि जवळजवळ दुसरं वर्ष पदरात पाडून घेतात. गोची त्या दुसऱ्या वर्षात होते. व्हिसा संपलेला, फक्त प्रवेशाच्या शिक्क्यावरची तारीख उरलेली, आणि माणूस सवयीने परमिट न घेता निघतो. ओ-ए वाल्यांनी आरोग्य विम्याची तारीखही बघून निघावं. विमा वर्षाच्या मधेच संपत असेल तर प्रवेशाच्या वेळी तेवढ्याच दिवसांचा शिक्का पडू शकतो.

दहा वर्षांचा एलटीआर (लाँग टर्म रेसिडेंट) व्हिसा असेल तर परमिटाची भानगडच नाही. अशा भाग्यवंतांनी हा लेख सोडून दिला तरी चालेल.

एका फेरीचं की अनेक फेऱ्यांचं

एका फेरीचं परमिट १,००० बाथ, अनेक फेऱ्यांचं ३,८००. दोन्ही चालतात मुदतवाढीच्या तारखेपर्यंतच. एका फेरीचं परमिट परत आलात की संपलं. हिशेब केला तर चौथ्या फेरीला मोठं परमिट स्वस्त पडतं, त्यामुळे वर्षात दोनदाच बाहेर जाणारे म्हणतात की आम्हाला १,००० वालंच बरं.

माझं मत वेगळं आहे. आपल्या वयाला ठरवलेल्या फेऱ्या कमी आणि न ठरवलेल्या जास्त असतात. रात्री दोनला फोन येतो, मोठ्या भावाला दवाखान्यात हलवलंय, आणि सकाळचं पहिलं विमान गाठायचं असतं. त्या वेळी फॉर्म आणि फोटो शोधत बसायचं त्राण नसतं. इमिग्रेशनची कार्यालयं शनिवार-रविवार बंद, एप्रिलच्या मध्यावर सोंगक्रानमध्ये, म्हणजे थाई नववर्षाच्या सणात, सलग बंद. म्हणून मुदतवाढीचा शिक्का ज्या दिवशी मिळतो, त्याच दिवशी त्याच इमारतीत अनेक फेऱ्यांचं परमिट घ्यायचं, हा आमच्या घरचा नियम. मुदतवाढीचे १,९०० आणि परमिटाचे ३,८०० मिळून ५,७०० बाथ हा वर्षाचा खर्च समजायचा. मुदतवाढीचे दोनच महिने उरले असतील तर मात्र ३,८०० घालवण्यात अर्थ नाही, तिथे एका फेरीचंच घ्या.

नवरा-बायको दोघं असाल तर परमिट दोघांच्या पासपोर्टात वेगवेगळं लागतं. बायकोची मुदतवाढ नवऱ्याच्या आधारावर असेल (किंवा उलट), तर मुख्य माणसाचा शिक्का गेला की दुसऱ्याचा आधारही जातो. एक जण परमिट विसरला तर भुर्दंड दोघांना.

कार्यालयात

टीएम-८ हा फॉर्म भरायचा. सोबत ४ × ६ सेंटिमीटरचा एक फोटो, मूळ पासपोर्ट आणि झेरॉक्स: फोटोचं पान, शेवटच्या प्रवेशाच्या शिक्क्याचं पान आणि मुदतवाढीच्या शिक्क्याचं पान. प्रत्येक झेरॉक्सवर निळ्या शाईने सही करा. काळ्या शाईची सही मूळ आहे की छापलेली, हे पटकन ओळखता येत नाही, म्हणून इथे निळीला मान. फी रोख न्या. बँकॉकमध्ये राहणाऱ्यांना चेंग वत्तनाच्या सरकारी संकुलात जावं लागतं, बाकीच्यांना आपापल्या प्रांताच्या कार्यालयात. सकाळी साडेआठला दारं उघडतात आणि बारा ते एक जेवणाची सुट्टी असते. अकराला पोचलात तर टोकन मिळेल, पण नंबर बहुधा जेवणानंतर लागेल.

परमिट त्याच दिवशी मिळतं. खिडकीपासून हलायच्या आधी तीन गोष्टी बघा. प्रकार बरोबर आहे का, म्हणजे अनेक फेऱ्यांचे पैसे दिले असतील तर तसंच लिहिलंय ना. परमिटावरची शेवटची तारीख मुदतवाढीच्या तारखेशी जुळते का. आणि नाव व पासपोर्ट क्रमांक. पावतीवर २५६८ असं काही साल दिसलं तर दचकू नका, ते बुद्ध सन आहे, त्यातून ५४३ वजा करायचे. मग दोन्ही पानांचे मोबाइलवर फोटो काढा आणि घरच्या कुणाला तरी पाठवून ठेवा.

विमानतळावर घ्यायची वेळ आली तर

सुवर्णभूमी, डॉन मुआंग, फुकेत, चियांग माई अशा मोठ्या आंतरराष्ट्रीय विमानतळांवर परमिटाची सोय आहे. फोटो आणि झेरॉक्स सोबत नसतील तर तिथे करून मिळतात, वर थोडे पैसे पडतात. क्रम मात्र चुकवू नका. सामान देऊन बोर्डिंग पास घ्या, पासपोर्ट तपासणीच्या भागात जा, आणि रांगेत उभं राहण्याआधी परमिटाची खिडकी विचारा. जाण्याचा शिक्का पडायच्या आत परमिट हातात हवं. तो पडला की मुदतवाढ संपली, मग कुणाच्या हातात काही राहत नाही. या कामासाठी एक तास जादा धरा. खिडकीची वेळ तुमच्या विमानाच्या वेळेशी जुळते का, हे आदल्या दिवशी विचारून घ्या.

रस्त्याने लाओस, कंबोडिया किंवा मलेशियाला जाणार असाल तर सीमेवर मिळेल यावर विसंबू नका. सगळ्याच चौक्यांवर ही सोय नाही. आपल्या कार्यालयातून घेऊनच बसमध्ये चढा.

तारखांचं गणित

सगळ्यात जास्त माणसं इथे फसतात.

समजा तुमची मुदतवाढ ३० मेपर्यंत आहे आणि ५ मे ते १० जून असा प्रवास ठरलाय. परमिट कितीही फेऱ्यांचं असो, ३० मेला तेही संपणार. परदेशात बसून मुदतवाढ होत नाही, टपालाने नाही, वकिलातीतूनही नाही. त्यासाठी स्वतः थायलंडमध्ये हजर राहावं लागतं. दवाखान्यात अडकलो किंवा विमान रद्द झालं, ही कारणं कितीही खरी असली तरी तारीख थांबत नाही.

उपाय हा की प्रवासाआधीच नवी मुदतवाढ करून घ्यायची. अर्ज साधारणपणे शेवटच्या ३० दिवसांत घेतात, काही कार्यालयं ४५ दिवस आधीही घेतात. आधी केल्याने दिवस वाया जात नाहीत, नवं वर्ष जुन्या तारखेपासूनच मोजतात. म्हणजे ३० एप्रिलला काम झालं तरी पुढची तारीख पुढच्या वर्षीचीच ३० मे.

आता यातली खोच. मुदतवाढ नवी झाली, पण पासपोर्टातलं परमिट जुनंच आहे आणि त्यावर यंदाच्या ३० मेची तारीख आहे. ते आपोआप वाढत नाही. १० जूनला ते घेऊन परत आलात तर तुमच्याकडे वैध परमिट नाही, आणि नुकतीच घेतलेली वर्षाची मुदतवाढही गेली. माझ्या ओळखीत हे दोघांचं झालंय, आणि दोघंही मुदतवाढीला नीट तयारीने गेलेले शिस्तीचे लोक होते. नवी तारीख म्हणजे नवं परमिट, हे पासपोर्टाच्या कव्हरवर लिहून ठेवा.

बँकेतले पैसेही या गणितातच येतात. ८ लाख बाथ अर्जाआधी दोन महिने खात्यात हवेत, मंजुरीनंतर तीन महिने त्याला हात लावायचा नाही, आणि उरलेल्या काळात शिल्लक ४ लाखांखाली जाऊ द्यायची नाही. प्रवासात त्याच खात्याच्या कार्डाने विमानाची तिकिटं आणि हॉटेलं भागवली की शिल्लक नकळत घसरते. ८ लाखांचं खातं वेगळं ठेवा आणि त्याचं कार्ड घरी कपाटात ठेवा. काही कार्यालयं तीन महिन्यांनी पासबुक दाखवायला बोलावतात. ती तारीख प्रवासात येते का, हे मंजुरीच्या वेळीच विचारून घ्या. आणि जे दरमहा ६५,००० बाथ उत्पन्नाच्या मार्गाने जातात, त्यांनी लांबच्या प्रवासातही पैसे येण्यात एका महिन्याचाही खंड पडू देऊ नये.

परतताना

पहिला अडथळा थायलंडचा नसतो. परदेशातल्या विमानतळावर चेक-इनला विमान कंपनीचा माणूस तुमचं एकेरी तिकीट बघतो, व्हिसाचं स्टिकर बघतो, त्यावर 'वापरला' असा शिक्का आणि उलटलेली तारीख दिसते, आणि तो म्हणतो, परतीचं तिकीट दाखवा. वाद घालू नका. मुदतवाढीच्या आणि परमिटाच्या पानांना आधीच चिकटचिठ्ठ्या लावून ठेवा, दोन्ही पानं उघडून समोर धरा, आणि ही तारीख बघा म्हणा. तरी गाडी अडली तर सुपरवायझरला बोलावण्याची विनंती करा. त्यासाठीही थोडं लवकर पोचलेलं बरं.

दुसरं, थायलंड डिजिटल अरायव्हल कार्ड. १ मे २०२५ पासून ते सगळ्या परदेशी प्रवाशांना भरावं लागतं, इथे वर्षानुवर्षं राहणाऱ्यांनाही. येण्याच्या आधीच्या तीन दिवसांत, ऑनलाइन, फुकट. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर ते सरकारी नाही, बंद करा.

आता मुख्य जागा. इमिग्रेशनच्या खिडकीत पासपोर्ट देताना परमिटाचं पान उघडून द्या आणि तोंडानेही 'री-एन्ट्री' म्हणा. शिक्का पडला की पासपोर्ट हातात घेऊन तिथेच वाचा. मागे रांग खोळंबली तरी चालेल.

हे मी एवढ्या ठासून सांगतोय त्याला कारण आहे. मागच्या एका परतीच्या प्रवासात रात्रीचं विमान होतं, रांग लांब होती, मी आणि बायको शेजारशेजारच्या खिडक्यांवर गेलो. माझ्या शिक्क्यावर बरोबर तारीख, तिच्या शिक्क्यावर ६० दिवस. परमिट दोघांकडे होतं, पण तिने पासपोर्ट फोटोच्या पानावर उघडून दिला होता. खिडकीपासून चार पावलांवर आम्ही ते वाचलं आणि तसेच मागे वळलो. अधिकाऱ्याने पानं उलटून परमिट पाहिलं, वरिष्ठाच्या टेबलावर नेलं, आणि दहा मिनिटांत जुना शिक्का खोडून नवा मारून दिला. एक शब्द उणा-अधिक झाला नाही.

तेच घरी गेल्यावर कळलं असतं तर खेटे घालावे लागले असते. आणि कळलंच नसतं तर? एकसष्टाव्या दिवसापासून बेकायदा मुक्काम सुरू. दिवसाला ५०० बाथ दंड. दर नव्वद दिवसांनी इमिग्रेशनकडे पत्ता कळवायची हजेरी असते, तिला नव्वदाव्या दिवशी गेल्यावर उघडकीला आलं असतं, तेव्हा ३० दिवसांचे १५,००० बाथ. दंडाची कमाल २०,००० आहे खरी, पण पैसे हा त्यातला छोटा भाग. बेकायदा मुक्काम ९० दिवसांहून जास्त लांबला आणि स्वतःहून बाहेर पडलात तरी एक वर्ष प्रवेशबंदी, आणि तपासणीत पकडले गेलात तर थोड्या दिवसांसाठीही पाच वर्षं.

घरी पोचल्यावर

नव्वद दिवसांच्या हजेरीचं, म्हणजे टीएम-४७ चं, घड्याळ प्रत्येक प्रवेशाला शून्यावर येतं. आलेला दिवस पहिला धरून नव्याने ९० मोजा. पासपोर्टात जुन्या तारखेची चिठ्ठी असेल ती काढून टाका, नाहीतर त्याच तारखेला उगीच हेलपाटा होतो. हजेरी ठरल्या दिवसाच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत देता येते. हजेरीच्या तारखेला तुम्ही देशाबाहेर असाल तर ती बुडाली असं होत नाही, द्यायचीच नसते.

घरमालकाने द्यायची टीएम-३० ही पत्त्याची नोंद तुम्ही आल्यापासून २४ तासांत व्हावी लागते. २०२० पासून परमिटावर त्याच पत्त्यावर परतणाऱ्यांसाठी ती पुन्हा करावी लागत नाही. पण कार्यालयागणिक रीत बदलते, आणि पुढच्या मुदतवाढीच्या वेळी पावती मागितली की धावपळ आपली होते. आमच्या मालकीणबाई दर वेळी ऑनलाइन नोंद करतात, पाच मिनिटांचं काम आहे. मी त्यांना परतीची तारीख आधीच कळवतो आणि येताना काहीतरी खाऊ आणतो.

पासपोर्ट संपत आला असेल तर मुदतवाढीच्या आधी नवा करून घ्या, कारण पासपोर्टाच्या मुदतीपलीकडची तारीख मिळत नाही. प्रवासातच नवा पासपोर्ट घेतला असेल तर जुना टाकू नका. मुदतवाढ आणि परमिट जुन्यातच आहे, म्हणून खिडकीत दोन्ही द्यायचे, आणि मग आपल्या कार्यालयात जाऊन शिक्के नव्यात उतरवून घ्यायचे.

आणि शिक्का गेलाच असेल तर

माझ्यासारखं झालं असेल तर थायलंड सोडायची गरज नाही. पर्यटकाचे दिवस चालू असताना कार्यालयात टीएम-८७ भरून नॉन-ओ व्हिसा मागता येतो, फी २,००० बाथ. निदान १५ दिवस शिल्लक असायला हवेत, काही ठिकाणी त्याहून जास्त मागतात, म्हणून पहिल्याच आठवड्यात जा. बँकेचं पत्र, त्या दिवसापर्यंत भरलेलं पासबुक, राहण्याचा पुरावा, वय ५० किंवा त्याहून जास्त असल्याचा पुरावा म्हणून पासपोर्ट. मंजूर झालं की ९० दिवस मिळतात, आणि त्याच्या शेवटी पुन्हा मुदतवाढीचा फॉर्म टीएम-७, पुन्हा १,९०० बाथ, पुन्हा वर्ष. मध्ये कुठेही जायचं नाही. मी ते चार महिने मुलीला सिंगापूरहून इकडे बोलावलं. वर्षाचा नवा शिक्का मिळाला तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. तसाच जिन्याखाली जाऊन फोटो काढला, टीएम-८ भरला आणि ३,८०० बाथ मोजले.